रांजणातला राखण्या

आमच्या घरात पाणी प्यायचं तर आधी रांजणात डोकावून बघायचं, असा नियम होता. तळाशी तो कुठे बसलाय ते पाहायचं आणि दुसऱ्या बाजूने अलगद तांब्या बुडवायचा. तो म्हणजे राखण्या. हे नाव गावातलं नव्हे, माझ्या आत्याने ठेवलेलं. भादव्यात भातखाचरांवर थव्याने उडणारा चार पंखांचा, काडीसारख्या शेपटीचा चतुर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण पंख फुटण्याआधी तो पाण्यात राहतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. राखण्या म्हणजे चतुराचं ते पाण्यातलं पोर. मातकट रंगाचं, सहा पायांचं, पेराएवढं, दिसायला अगदी कुरूप. घरी आलेली पाहुणी रांजणात बघून दचकली की आत्या म्हणायची, "तोंड कशापायी वाकडं करता? त्यो हाय म्हणून तुमच्या पोटात वळवळं जात न्हाईत." मग पाहुणी पाणी नको म्हणायची. आत्याला त्याचं काही वाटत नसे.

पासलीच्या अलीकडे ओढ्याकाठी आमची वाडी. कुडाच्या भिंती, गवती छप्पर, पुढे गोठा, मागे परसात आळूचं बन. पहाटे उखळात भात कांडल्याचा आवाज, त्याच्या मागोमाग आईच्या जात्याची घरघर, आणि पावसाळ्यात या सगळ्यावर छपराच्या वळचणीचं पाणी चोवीस तास गळत असायचं. त्या आवाजाची इतकी सवय की पाऊस उघडला की कानात काहीतरी बिघडल्यासारखं वाटे. सकाळी नाचणीची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण, रात्री भाताची पेज आणि चुलीत भाजलेली सुकट. राज्य भोरच्या संस्थानिकांचं होतं म्हणतात, आम्हांला त्यांचा शिपाई तेवढा वर्षातून कधीतरी दिसायचा. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण पारूआत्या ऐन तारुण्यात विधवा झाली तेव्हा आबा तिला राजगडाखालच्या पालीहून, तिच्या सासरहून, घेऊन आले होते. तिला मूलबाळ नव्हतं. माझा धाकटा भाऊ म्हादू झाला आणि आई बाळंतपणात फार आजारी पडली, तेव्हा त्या पोराला शेळीच्या दुधावर आत्यानेच जगवलं. तेव्हापासून घराची वाटणीच होऊन गेली होती. चूल आईची, पाणी आणि म्हादू आत्याचा.

राखण्या ठेवायची युक्ती आत्याला कुणी शिकवली नव्हती. गोठ्यापुढच्या दगडी डोणीत, म्हणजे गुरांच्या पाण्याच्या कुंडात, असला एक किडा राहायला आला आणि त्या डोणीतले वळवळणारे डासांचे किडे नाहीसे झाले, हे तिने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यातून एक उचलून रांजणात सोडला. एवढीच गोष्ट. तो शिकार करतो ते बघायला मी आणि म्हादू रांजणाच्या काठावर हनुवट्या टेकून उभे राहायचो. एरवी मेल्यासारखा पडून असायचा. एखादा वळवळा जवळून गेला की त्याच्या हनुवटीखाली दुमडून ठेवलेला एक लांब जबडा सटकन पुढे यायचा आणि वळवळा गायब. पळायचं झालं तर मागच्या अंगाने पाणी फेकून एका झटक्यात दुसऱ्या टोकाला. म्हादूला त्याचं फार हसू यायचं. "आत्या, ह्यो ढुंगणानं पवतोय," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. राखण्याच्या पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या फुगल्या आणि तो खाईनासा झाला की त्याची वेळ जवळ आली, असं आत्या ओळखायची. मग पितळी वाटीत घालून त्याला ओढ्यावर पोचवायची आणि येताना दुसरा घेऊन यायची. माहेरवाशिणीला वाटेला लावावं तशी ती त्याला जपून न्यायची.

एकदा तिने आम्हां दोघांना ते दाखवलं. उजाडत होतं, ओढ्यावर धुकं होतं आणि आम्ही तिघं एकाच इरल्याखाली बसलो होतो. लव्हाळ्याच्या काडीवर राखण्या पाण्याबाहेर चढून आला आणि काडी घट्ट धरून थांबला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याची पाठ उसवली. आतून फिकट, ओलं, डोळेच डोळे असलेलं काहीतरी वर आलं, मागे उलटं लोंबकळलं आणि तसंच राहिलं. म्हादूने हात पुढे केला तसा आत्याने तो धरला. "हात लावू नगं. हलू बी नगं. आता त्येला कुणी हालवला तर जल्माचा पांगळा व्हईल. त्येनं खानंपिनं सोडलंय, गप ऱ्हायलाय, तवा कुठं पंख येत्यात." मग ते उलटं लोंबकळणारं एकदम सरळ झालं, कातीला धरून शेपूट ओढून काढलं आणि पंखांच्या चुरगळलेल्या चिंध्या हळूहळू उलगडू लागल्या. आधी दुधट, मग काचेसारख्या. ऊन आल्यावर पंख थरथरले आणि तो गेला. काडीवर त्याची रिकामी कात राहिली, पाठीवर चीर आणि चिरेतून बाहेर आलेले पांढरे दोरे. म्हादू घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. बोलणारं पोर ते, पण बोलला नाही.

माझा नातू मला परवा सांगत होता की चतुराचे चारही पंख वेगवेगळे हलतात, म्हणून त्याला हवेत एका जागी थांबता येतं आणि मागेसुद्धा उडता येतं, पायांची टोपली करून तो उडता उडता डास पकडतो, आणि आपल्याकडे पावसाच्या शेवटी येणारे पिवळे थवे वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेकडे जातात. त्याला वाटलं आजीला हे नवीन असेल. मी ऐकून घेतलं. आजीला यातलं किती ठाऊक आहे आणि ते ठाऊक असून तिला काय मिळालं, हे त्या पोराला सांगण्यात अर्थ नाही. मात्र चतुर दिसला की "अय्या, किती सुंदर" म्हणणाऱ्या बायकांची मला अजून चीड येते. त्यांचा काही दोष नाही, तरी येते.

त्या वर्षी श्रावणात वाडीत हिवताप घरोघर होता. तो दरवर्षीच असायचा. भाताची लावणी झाली की माणसं अंथरुणाला लागायची, घोंगडीवर घोंगडी घालून कुडकुडायची, घाम आला की उठून परत चिखलात जायची. म्हादूला मात्र तो सोडीना. एक दिवस बरा, की दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दात वाजायला लागायचे. तोंड पिवळं पडलं, हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट तेवढं पुढे आलं. आत्या रात्रंदिवस त्याच्यापाशी. त्या गडबडीत रांजणाकडे तिचं लक्ष राहिलं नाही, आणि राखण्या कधी नाहीसा झाला हे घरात कुणालाच कळलं नाही.

वाडीवरच्या एका शेजारणीने सांगून पलीकडच्या गावाहून डाग देणाऱ्या एका म्हाताऱ्याला बोलावलं. पांथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा, वाढली की तिच्यावर डाग द्यायचा, ही तेव्हाची रीत. म्हाताऱ्याने म्हादूच्या डाव्या बरगडीखाली बोटं रुतवली आणि डोळे मिटून बसला. "पांथरी न्हवं ही," तो म्हणाला. "आत जिती वस्तू हाय. वाढतीया." शेजारीण लगेच म्हणाली, "अगं बया, ह्यांच्या रांजणात त्यो किडा असतोय न्हवं?" आई उठली. रांजणाशी गेली, आत वाकून पाहिलं, मग रांजण अंगणात ओढून आडवा केला. पाणी सगळं वाहून गेलं. आत काही नव्हतं. आई तशीच चिखलात उभी राहिली आणि आत्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, त्यो कुठं हाय?"

आत्या म्हणाली, "आसंल की. निघून गेला आसंल."

"कुठं गेला? तुमी पोचवला व्हता का?"

"न्हाई. म्या न्हाई पोचवला."

"मग कुठं गेला, सांगा की."

आत्याने म्हादूकडे पाहिलं. त्या बघण्यात मला पहिल्यांदा भीती दिसली, आणि ती आईला घाबरून आलेली नव्हती. मी म्हणाले, आई, तो केवढा, म्हादूचा घास केवढा, गिळताना कळणार नाही का. आईने ऐकलं नाही. तापाने तहानलेलं पोर अंधारात तांब्या तोंडाला लावून घटाघटा पितं, त्याला काय कळणार, असं शेजारीण म्हणाली. खरं सांगायचं तर ते बोलणं पटण्यासारखं होतं. आबा दारात बसून होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि गोठ्यात निघून गेले. माझे वडील वाईट नव्हते, पण गरजेच्या वेळी ते नेहमी गोठ्यात असायचे.

डाग दिला तेव्हा म्हादू ओरडला नाही. विळा लाल करून पोटाला लावला, घरभर वास सुटला, आणि ते पोर नुसतं डोळे वटारून छपराकडे बघत राहिलं. म्हातारा म्हणाला, लई धीराचं पोर. धीर नव्हता तो. मला नंतर कळलं. मी त्याच्याजवळ बसले तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "यमे, मला हलायचं न्हाई. हललो तर त्यो पांगळा व्हईल." दुसऱ्या दिवसापासून त्याने पेज घ्यायचं बंद केलं. आईने समजूत घातली, रागावली, आबांनी गूळ आणला, तो तोंड उघडेना. आत्याने विचारलं तर म्हणाला, "तूच म्हनलीस न्हवं, त्यो खात न्हाई आदी." आणि मग, "पंख आलं की कुटनं निघंल गं त्यो? तोंडातनं का?" आत्याने पेजेची वाटी खाली ठेवली आणि पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. ती परत आली, त्याच्या पोटावर हात ठेवून बसली, पण "तसं काही नाही रे, तुझ्यात काही नाही" असं तिने त्याला सांगितलं नाही. मी वाट बघत होते की सांगेल. मीच सांगितलं, दहादा सांगितलं. माझं त्याने कधीच ऐकलं नव्हतं. तो आत्याचा होता.

तो गेला त्या दिवशी पाऊस उघडला होता. भात पोटरीवर आलेलं, आणि वर चतुरांचे थवे, इतके की खाचरावरची हवा हलत होती. दुपारी वारा सुटला तसे ते गोठ्यात, वळचणीला, जिथे आडोसा मिळेल तिथे शिरले. दरवर्षी शिरतात. म्हादूचा श्वास थांबल्याचं आईला कळलं आणि तिने हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची नजर वर गेली. म्हादूच्या अंथरुणावरच्या वलणीवर, त्याच्या बंडीशेजारी एक पिवळा चतुर बसला होता. पंख पसरून, अगदी शांत. आई रडलीच नाही. तिने बोट वर केलं आणि म्हणाली, "निघाला बघा, वन्सं. निघाला." घरातल्या सगळ्यांनी वर पाहिलं. आत्यानेही पाहिलं. मी ओरडून म्हणाले की बाहेर हजार उडतायत, त्यातला एक आत आलाय, गोठ्यात जाऊन बघा. कुणी गेलं नाही.

म्हादूला ओढ्यापलीकडे मातीत ठेवलं. सुतक फिटलं त्या दिवशी आई आबांना एवढंच म्हणाली, "ह्या घरात त्यांच्या हातचं पानी मला नगं." आबा मान खाली घालून ऐकत होते. आत्याने वाद घातला नाही, शपथ घेतली नाही. आपली दोन लुगडी आणि ती पितळी वाटी गाठोड्यात बांधली आणि पालीला दिराच्या घरी गेली, जिथून ती कित्येक वर्षांपूर्वी निघाली होती. आबा पोचवायला गेले. मी ओढ्यापर्यंत गेले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग तो हात झटकन काढून घेतला, जणू त्या हाताने मलाही काही होईल.

दिवाळीआधी घर सारवायला काढलं तेव्हा रांजणामागची कुडाची भिंत मोकळी झाली. तिथे, बरीच वर, जिथे सारवणाचा हात कधी पोचत नाही, तिथे ती कात होती. सहा पायांनी कुड घट्ट धरलेली, पाठ उसवलेली, पांढरे दोरे बाहेर आलेले. तो रांजणाच्या खरबरीत आतल्या अंगाने वर चढला होता, काठ ओलांडून भिंतीवर गेला होता आणि तिथून उडून गेला होता. त्या वेळी आम्ही सगळे म्हादूच्या अंथरुणाभोवती होतो. मी कात काढून तळहातावर घेतली आणि आबांना दाखवली. त्यांना क्षणात कळलं, ते मी पाहिलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठिव कुठंतरी. आईला दावू नगंस." मी विचारलं, आणि आत्याला? "आता सांगून काय व्हनार हाय?" एवढं बोलून ते गोठ्यात गेले. आज या वयात मला आईचं कळतं; पोर काहीच कारण नसताना गेलं असं मानून जगणं तिला झेपलं नसतं, तिला कुणीतरी हवं होतं. आबांचं मात्र मला अजूनही कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. कात मी कुंकवाच्या रिकाम्या लाकडी डबीत कापसावर ठेवली.

पुढच्या वर्षी आईही तापाने खंगली, तेव्हा माझ्या मामाने मला भोरला नेलं. तिथे मी शाळा शिकले आणि मोठी झाल्यावर दवाखान्यात नर्सचं काम करू लागले. आमच्या खोऱ्यातली मुलं तिथे यायची, पिवळी तोंडं, पुढे आलेली पोटं. डाव्या बरगडीखाली हात घातला की ती घट्ट गाठ लागायची. हिवतापाने पांथरी सुजते, एवढंच. कोयनेल, म्हणजे क्विनीन, वेळेवर मिळालं तर उतरतेही. त्यातल्या कित्येकांच्या पोटावर डागाचे वण असायचे. हेही कळलं की हिवतापाचा डास खाचरात आणि ओढ्याकडेच्या साचलेल्या पाण्यात होतो. म्हणजे आत्याच्या राखण्याने म्हादूला मारलं नव्हतं, आणि तो रांजणात असता तरी म्हादूला वाचवू शकला नसता. त्याचा या सगळ्याशी काही संबंधच नव्हता. हे कळल्यावर मी रजा काढली, डबी घेतली आणि पालीला गेले.

आत्या फार वाळली होती. मला ओळखून ती आधी हसली आणि मग लगेच माझ्या हातात काही आहे का ते बघू लागली, वाईट बातमीला घाबरल्यासारखी. दिराच्या मुलाचं घर, त्याचं एक रांगतं पोर ओसरीवर. मी पाणी मागितलं. तिने रांजणाच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं, दुसऱ्या फडक्यातून पाणी गाळून दिलं. त्या फडक्यावर वळवळे तडफडत होते. मी आत डोकावले. रांजण वळवळ्यांनी नुसता भरला होता. ओसरीवर बसून तिला सगळं सांगितलं, पांथरीचं, हिवतापाचं, आणि शेवटी डबी उघडून कात तिच्या हातावर ठेवली. ती कुठे सापडली ते सांगितलं. आत्याने ती उजेडात धरली, पाठीवरची चीर पाहिली, दोऱ्यांना बोट लावलं.

"ह्योच," ती म्हणाली. "व्हय. ह्योच. निघून गेल्ता मंग." आणि ती रडली, इतक्या वर्षांत साठलेलं. मीही रडले. "म्या त्येच्या पोटावर हात ठिवायची, तवा मला आत हलल्यावानी वाटायचं, यमे. म्हनून म्या त्येला न्हाई म्हनू शकले न्हाई."

"ते त्याचं काळीज उडत होतं, आत्या. तापात उडतं."

"व्हय," ती म्हणाली. "आसंल. पटलं मला."

मला वाटलं, झालं. संध्याकाळी मी तीच पितळी वाटी घेऊन ओढ्यावर गेले, दगडाखालचा एक चांगला मोठा राखण्या शोधला आणि आत्याच्या समोर रांजणात सोडला. तो तळाला जाईपर्यंत ती वाकून बघत राहिली. तिच्या तोंडावर जुनं हसू आल्यासारखं मला दिसलं. त्या रात्री मी फार गाढ झोपले.

सकाळी उठले तर आत्या घरात नव्हती. ओढ्याकडे गेले. ती पाण्याच्या कडेला उकिडवी बसली होती, हातात वाटी. वाटी पाण्यात बुडवून तिने ती अलगद तिरपी केली, पूर्वी करायची तशीच, आणि तो दगडांत दिसेनासा होईपर्यंत थांबली. मी म्हणाले, "आत्या, कात बघितलीस ना तू? पटलं म्हणालीस ना?"

"पटलं की," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पर घरात रांगतं पोर हाय, यमे."

तिने वाटी विसळली, पदराला पुसली आणि घराकडे चालू लागली. मी तिच्या मागे गेले. निघताना तिने मला प्यायला पाणी दिलं, फडक्यातून दोनदा गाळून, आणि मी प्यायले.